इंच वाढतो कुठल्या बाजूला

जुनी गाडी घेऊन वर्कशॉपच्या दारात थांबणारा माणूस पहिल्यांदा रुंदीच सांगतो. "मिस्त्री, चाकं साडेपाच इंची करून द्या." जीपवाला असेल तर त्याला सहा हवी असतात. मी विचारतो, वाढवायचा इंच घालू कुठं? आत की बाहेर? समोरचा आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे. "बाहेरच की. दिसायला नको का?" इथून आमची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा चहा दोनदा सांगावा लागतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. पोट चालतं ते पंपांच्या शाफ्टवर आणि ऑइल इंजिनांच्या पार्टवर. जुन्या मोटारींची पोलादी चाकं रुंद करायचं काम हौसेनं मागं लागलं. फियाट, अँबॅसिडर, विलीजच्या जीपा, अधूनमधून एखादी परदेशी गाडी. अलॉय चाकाला मी हात लावत नाही. ते ॲल्युमिनियम, त्याचं ओतकाम वेगळं, त्याची ताकद ज्या उष्णता-प्रक्रियेतून येते ती वेल्डिंगच्या आचेनं बिघडते. पोलादी चाक मात्र कमी कार्बनच्या मऊ पोलादाचं असतं. ते कापता येतं, जोडता येतं, आणि नीट जोडलं तर जोड धरून राहतो. शिवाय जुन्या गाडीच्या मालकाला चाक कंपनीचंच दिसायला हवं असतं. बॉडीच्या रंगात रंगवलेलं, मध्ये चकचकीत कॅप. रुंद केलेल्या पोलादी चाकाची गंमत ती आहे. ओळखीच्या माणसालाच कळतं की इथं काहीतरी झालंय.

हे चाक दोन भागांचं असतं. बाहेरची गोल कडी म्हणजे रिम. पोलादाची पट्टी वाकवून, टोकं जोडून, रोलरमधून तिला आकार देतात. मधली दाबून केलेली प्लेट, जिला नटांची भोकं असतात, ती रिमच्या आत बसवून वेल्ड केलेली असते. रिमचा छेद घेऊन बघितला तर दोन्ही कडांना उभे ओठ, त्यांच्या आतल्या बाजूला टायरची कड बसायची किंचित उतरती जागा, आणि मध्ये खोल चर. तो चर शोभेचा नाही. टायर चढवताना त्याची एक कड चरात उतरवल्याशिवाय दुसरी ओठावरून पलीकडे जात नाही. त्यामुळे रुंद करताना त्या चराची खोली कमी केली, तर चाक छान दिसेल पण टायर चढणार नाही.

रुंदी मोजायची तीही ओठांच्या आतल्या बाजूंपासून. टेप बाहेरून बाहेर लावला की जवळपास इंचभर जास्त येतं. कितीतरी मालक पाच इंची समजून चार इंची चाक घेऊन येतात. चाकावर ४ जे किंवा ५ जे असं कोरलेलं असतं, त्यातला आकडा ही आतली रुंदी आणि अक्षर म्हणजे ओठाचा आकार.

आता बाजूचं. नटांनी आवळली जाणारी मधली प्लेट गाडीला चिकटते त्या पातळीला आपण भिंत म्हणू. रिमचा मध्य या भिंतीच्या किती आत किंवा बाहेर आहे, यावर चाकाचं सगळं वागणं अवलंबून असतं. एक इंच वाढवला आणि तो पूर्ण बाहेर घातला, तर टायरचा मध्य भिंतीपासून अर्धा इंच बाहेर सरकतो. पूर्ण आत घातला, तर अर्धा इंच आत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. ऐकायला काही वाटत नाही. पण पुढचं चाक वळतं ते एका तिरप्या उभ्या रेषेभोवती, आणि ती रेषा जमिनीला जिथं टेकते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर हा स्टिअरिंगवर चालणारा दांडा असतो. इंजिनिअरनं तो विचारपूर्वक आखूड ठेवलेला असतो. आपण तो चार सुतांनी लांबवला की स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यातला प्रत्येक धक्का हातात येतो, आणि पुढच्या दोन ब्रेकांपैकी एक जरा जास्त धरत असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. चाकाचं वजन बेअरिंगपासून लांब गेल्यानं बेअरिंगवरचा ताणही वाढतो. इंच आत घातला तर हे बरंच टळतं, पण आत जागा कुठं असते? पुढं सस्पेन्शनचे हात आणि स्टिअरिंगचे रॉड, मागं पाट्यांची स्प्रिंग.

मोटार कंपन्यांनी स्वतः हे केलंय, म्हणून चाक रुंद करण्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. पोर्शची ९११ १९६४ साली साडेचार इंची पोलादी चाकांवर निघाली आणि १९६८ च्या मॉडेलला साडेपाच इंची चाकं आली. छोट्या मिनी कूपर एसची दहा इंच व्यासाची चाकं साडेतीन इंच रुंद होती, आणि ज्यांना हवी त्यांना कंपनी साडेचार इंची देत असे. फरक इतकाच की त्यांनी चाकाबरोबर बाकीचंही तपासलं होतं. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत हौशी लोकांनी वेगळीच शक्कल काढली. मधली प्लेट सोडवायची, रिम उलटी करायची आणि प्लेट पुन्हा वेल्ड करायची. चाक बाहेरून परातीसारखं खोल दिसायचं. दिसायला झकास, पण प्लेट आणि रिम यांच्यामधला तो वेल्ड गाडीचं सगळं वजन वाहतो. तो कोणी फोडून पुन्हा घालायला सांगितला तर मी नमस्कार करतो. कापायचं ते रिममध्ये, प्लेटच्या जोडापासून दूर.

गेल्या वर्षी मडगावचे एक गृहस्थ फियाट ११०० डिलाइट घेऊन आले. १९६० च्या दशकातली, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. पुढं याच गाडीची पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या नजरेत राहिली. इंजिन १०८९ सीसीचं, पुढं कॉइल स्प्रिंग, मागं पाट्या, चारी चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंगचा प्रश्नच नाही. मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे जेमतेम १३२ मिलिमीटर रुंद, जुन्या क्रॉसप्लाय बांधणीचे. तो साइज आता चटकन मिळत नाही. त्यामुळे त्यांना रेडियल घालायचे होते, आणि घालायचेच तर १८५ चे, साडेपाच इंची रिमवर. भाच्यानं तसं सांगितलं होतं.

व्यासाच्या हिशेबात भाचा चुकला नव्हता. १८५/७० आर १४ चा बाहेरचा व्यास साधारण ६१५ मिलिमीटर येतो आणि जुन्या ५.२०-१४ चा ६१० च्या आसपास. स्पीडोमीटर जवळजवळ तसाच राहतो. हा हिशेब कोणालाही घरी करता येतो. चौदा इंचांचे मिलिमीटर करा, ते ३५६. टायरच्या रुंदीला सत्तर टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा, मिळवा. पण त्या टायरच्या पोटाला जागा कुठून आणायची? मी मिस्त्री आहे, वाद घालत बसत नाही. पुढची स्प्रिंग काढली, जॅकवर चाक वरपर्यंत उचललं, मडगार्डच्या आत आणि सस्पेन्शनच्या हातांवर पोरांच्या खेळण्यातल्या मातीचे गोळे चिकटवले, आणि दुसऱ्या गाडीचं एक रुंद चाक धरून टायर कुठवर येईल ते लाकडी पट्टीनं दाखवलं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मातीचे दोन गोळे चपटे झाले. गृहस्थांनी ते बोटानं दाबून पाहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, मग काय करूया?"

१६५/८० वर आलो. खरं सांगायचं तर १६५ चा टायर चार इंची रिमवरही चालतो. त्याला चार ते साडेपाच इंचांपर्यंतची रिम चालते. म्हणजे त्यांनी रिम न कापता टायर बदलले असते तरी गाडी रस्त्यावर आली असती. हे मी सांगितलं, कारण निम्म्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगून परत पाठवतो. मात्र अरुंद रिमवर रुंद टायर घातला की त्याच्या बाजू फुगतात आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. पाच इंची रिमवर त्याच्या बाजू ताठ उभ्या राहतात. हा फरक आंबोलीच्या वळणांवर कळतो आणि गृहस्थ त्याच घाटानं येतात-जातात. म्हणून एक इंच वाढवायचं ठरलं.

मग पुन्हा बाजू. पाच इंची रिमवर १६५ चा टायर फुगून सुमारे १७० चा होतो, कारण रिमच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला टायर पाचेक मिलिमीटर पसरतो. जुन्या १३२ पेक्षा तो ३८ मिलिमीटर रुंद झाला, म्हणजे दोन्हीकडे १९-१९. वरचा इंच पूर्ण बाहेर घातला तर टायर बाहेर सव्वा इंच येतो आणि आत फक्त दोन सूत. पूर्ण आत घातला तर उलटं. बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत सव्वा इंच बसत होता, आत सव्वा इंच बसत नव्हता. म्हणून बाहेर. गृहस्थांना हवं तेच झालं, पण मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की स्टिअरिंग जड होईल आणि पुढच्या बेअरिंगचं ग्रीस लवकर बघावं लागेल.

बाहेर वाढवताना एक अडचण असते. फियाटच्या चाकात प्लेटचा जोड बाहेरच्या बाजूला जवळ असल्यामुळे तिथं कापायला सपाट जागा थोडी मिळते. कापून मध्ये पट्टी घालायची तर दोन वेल्ड एकमेकांना खेटून येतात. त्यात पट्टी स्वतः वाकवावी लागते. चराच्या जागी सरासरी व्यास ३१७ मिलिमीटर धरला तर पट्टीची लांबी ९९६ मिलिमीटर हवी. तीन मिलिमीटर जास्त झाली की व्यास एका मिलिमीटरनं वाढतो आणि जोडाला पायरी येते. जीपच्या सोळा इंची रिमला मी पट्टी घालतो, कारण तिथं जागा ऐसपैस असते. इथं दुसरा उपाय केला. भंगार बाजारातून त्याच मापाच्या जुन्या रिमा आणल्या. त्यांचा आतला भाग कापला, कारण तिकडं सपाट पत्रा जास्त असतो. तो उलटा करून बाहेरच्या बाजूला लावला. ओठ दोन्हीकडचा सारखाच, त्यामुळे टायरला काही कळत नाही. एका चाकाला दोन रिमा लागतात, पण वेल्ड एकच येतो, कंपनीनं रोल केलेल्या दोन गोलांमधला.

कापण्याआधी चाक फेसप्लेटवर नटांच्या भोकांतून आवळतो, कारण गाडीवर ते तिथंच आवळलं जाणार. डायल लावून आधी आउट बघतो. साठ वर्षं रस्ते खाल्लेली रिम गोल असेलच असं नाही. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त आउट असलेली रिम मी बाजूला टाकतो, प्लेटच्या भोकांभोवती केसासारखी चीर असेल तरीही. मग पार्टिंग टूलनं कापायचं, दोन्ही कडा तिरप्या घासायच्या, म्हणजे वेल्ड पत्र्याच्या पूर्ण जाडीत उतरतो. व्हॉल्व्हचं भोक आणि कंपनीचा आडवा जोड आपल्या वेल्डवर येणार नाहीत असं फिरवून लावायचं.

जोडताना घाई केली की खेळ संपला. समोरासमोर टॅक मारायचे. बारा वाजता, सहा वाजता, मग तीन आणि नऊ. पुन्हा डायल. मग सीओटू वेल्डिंगनं तीन-चार इंचांचे तुकडे, एक इकडं की दुसरा बरोबर समोर, मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग फिरवलं तर एका बाजूची आच रिमला ओढते आणि चाक डुलायला लागतं. वेल्ड दोन्ही बाजूंनी. थंड झाल्यावर बाहेरून खडूचा ओला लेप, आतून रॉकेल. रॉकेल इतकं पातळ की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही पलीकडे येतं आणि पांढऱ्या खडूवर डाग पडतो. डाग दिसला की तेवढं खोदून पुन्हा भरायचं.

टायरच्या बाजूचा वेल्ड घासून गुळगुळीत करावाच लागतो, कारण माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक चाकात ट्यूब जाते. ट्यूबलेस चाकाला टायरची कड जागेवर धरून ठेवणारी बारीक उंचवट्याची कड असते. या जुन्या रिमांना ती नाही. वळणावर हवा कमी झालेला टायर चरात घसरला तर काय होईल, ते सांगायला नको. गृहस्थांचा भाचा फोनवर म्हणाला, "ट्यूबलेस टायर आणि आत ट्यूब? हा तर विनोद झाला." झाला तर झाला. रेडियलसाठीची ट्यूब मागून घ्या, एवढंच मी त्याला म्हणालो.

रुंद टायरबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो, की जास्त रबर रस्त्याला टेकतं म्हणून पकड दुप्पट होते. हवेचा दाब तोच आणि गाडीचं वजन तेच असेल तर टेकणारा भाग फारसा वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आखूड आणि आडवा होतो. कोरड्या वळणावर हे चांगलं. पण आंबोलीचा पाऊस आला की आडव्या टायरला समोरचं पाणी बाजूला सारायला जास्त रुंदी पार करावी लागते आणि तो पाण्यावर लवकर तरंगतो. फियाटसारख्या सुमारे नऊशे किलोच्या हलक्या गाडीला हे जास्तच जाणवतं. माझं मत विचाराल तर घाटात पाऊस बघणाऱ्या फियाटला १६५ पुरे. १८५ मागणारे बहुधा पार्किंगमधली गाडी डोळ्यांपुढं आणतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांना धक्का लागेल असे बदल गाडीत करता येत नाहीत. ज्यांना गाडी फिटनेसला न्यायची आहे त्यांनी आधी आरटीओत विचारावं. दुसरं, कारखान्यातलं चाक बाजारात येण्याआधी यंत्रावर हजारो फेरे वाकवून आणि दाबून तपासलं जातं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडे अशी यंत्रं आहेत. माझ्याकडे डायल, खडू आणि रॉकेल आहे. म्हणून मी चाक देताना सांगतो की महामार्गावर उडवायची गाडी असेल तर हे काम करू नका. पहिले काही शे किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळा, आणि टायर उतरवला की प्रत्येक वेळी वेल्डवर बोट फिरवा. विलीजच्या जुन्या जीपवाल्यांना आणखी एक सांगावं लागतं: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावून भलत्याच बाजूला फिरवणारे हौशी दरवर्षी भेटतात.

गृहस्थांनी चार चाकांचे पैसे काढले. मी म्हणालो, पाच. स्टेपनीला का उगाच रिम वाया घालवता, असं त्यांचं म्हणणं. पण मागचं एक चाक पंक्चर झालं आणि तिथं जुनी अरुंद क्रॉसप्लाय स्टेपनी लावली, तर एकाच एक्सलवर दोन व्यासांची, दोन बांधणींची चाकं येतात. डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतं आणि ब्रेक मारल्यावर दोन टायर दोन तऱ्हेनं वागतात. एकदा पटल्यावर त्यांनी पाचवंही करून घेतलं. ते डिकीत ठेवायला गेलो तर आवळायचा बोल्ट इंचभर आखूड पडला. लेथवर दुसरा बनवून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. आता डिकीत मोठी बॅग आडवी मावत नाही, अशी वहिनींची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.